कूलिंग टॉवरचं मीठ

वेर्ण्याच्या वसाहतीत, तिसऱ्या गल्लीच्या टोकाला
आमचा सर्व्हर-हॉल. खिडकी नाही, पाटी नाही.
मला काम दिलंय मोजायचं.
"एक आकडा हवाय," लॅन्सी म्हणाला,
"पानभर नको. एक. मार्चअखेर."
एप्रिल उजाडला.

विजेचं सोपं वाटलं होतं.
मीटर लावला, वही धरली, रात्रपाळीला बसले.
अडीच वाजता कुणीच काही विचारत नव्हतं,
तरी सत्तेचाळीस नंबरचं यंत्र एकशे चाळीस वॉट खात होतं,
गिऱ्हाईक नसतानाही बत्ती लावून बसलेल्या तावेर्नासारखं.
ते एकशे चाळीस कुणाच्या नावे लिहू?
ज्यानं विचारलं त्याच्या,
की जो विचारील म्हणून जागं ठेवलंय त्याच्या?

आणि वीज इथली नाही. ती कोरब्याकडून येते,
वाटेत थोडी गळत.
तिथला धूर मी गुणाकारानं काढते, वर्षाच्या सरासरीनं.
पण अडीच वाजताची रात्र सरासरी नसते.
वास्कोला मावशीच्या खिडकीवर बोट फिरवलं
तर काळं लागतं;
तो कोळसा वेगळा, दुसऱ्या कुणाच्या भट्टीचा.
बोट मात्र माझंच. तक्त्यात त्याला रकाना नाही.

यंत्र जन्मायच्या आधीचं तर विचारूच नका.
कंपनीच्या कागदावर लिहिलंय अमुक किलो,
आणि तळाशी बारीक अक्षरात:
निम्मं कमी किंवा निम्मं जास्त.
असं माप फटूमामानं दिलं असतं
तर व्यापाऱ्यानं गोणी त्याच्या पायावर टाकली असती.

राहिलं पाणी.
टँकरवाला म्हणतो दहा हजार,
टाकीवरची खूण म्हणते आठ हजार दोनशे.
मधलं रस्त्यावर सांडलं, की हिशेबात?
छपरावर टॉवर दिवसभर उसासे टाकतो.
मी खाली उभी, हातात पेन.
वर गेलेल्याला पावती कशी द्यायची?

रविवारी आगरवाड्याला गेले.
मामा उन्हात फळीनं मीठ ओढत होता.
त्याला सगळं सांगितलं, सर्व्हर म्हणजे काय तेही, जमेल तसं.
त्यानं एवढंच विचारलं,
"मेर कुठं घातलीस, बाय?"
मला कळलं नाही. त्यानं टाचेनं दाखवली,
चिखल थापून बसवलेली, वीतभर.
"हिच्या आतलं माझं. बाहेरचं खाडीचं.
पण पाणी मी खाडीचंच घेतो, मानस उघडून.
म्हणजे माझं ते
पावसापर्यंत."

सोमवारी छपरावर चढले.
टॉवरच्या पोटात, जाळीवर, नळाच्या तोंडाशी
पांढरं काहीतरी धरलं होतं, कडक.
पाणी गेलं आणि जाताना
जे नेता येत नव्हतं ते ठेवून गेलं.
स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडलं,
त्याच दिवसाच्या आकड्यांच्या कागदात पुडी बांधली.

मामानं चिमूट जिभेला लावली. थुंकला.
"हे मीठ नव्हे. चुना. आणि वर कसलं तरी औषध."
मग पुडी तळहातावर घेऊन बराच वेळ तोलली.
"किती दिवसांचं?"
अकरा महिन्यांचं, म्हटलं.
"आणि विकता काय?"
उत्तरं.
तो हसला नाही.
त्यानं ते मेरेपलीकडे फेकलं,
मग थांबला, वाकला,
चिखलातून वेचून परत कागदात घातलं.
"खाडीत नको. घेऊन जा."

लॅन्सीला आकडा दिला. एक, त्याला हवा तसा,
दोन दशांश स्थळांपर्यंत.
पुडी माझ्या टेबलावर आहे.
काट्यावर ठेवली तर सदतीस ग्रॅम भरते.
त्यातला कागद किती, आगराचा चिखल किती,
ते अजून वेगळं काढलेलं नाही.